त्या गोष्टीतली पोरगी

माझ्या सासूबाईंनी सत्तरीला पोचल्यावर, चार माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने स्वतःची बदनामी केली होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितेय.

मी कामथडीची सून. शाळेत शिकवते आणि टीनएजर मुलांसाठी गोष्टी लिहिते.
या वयाच्या मुलांना आपल्याकडे वाचायला काय देतात? थोरांचं बालपण, नाहीतर प्रामाणिकपणाचं फळ. घरी थाप मारणारी, आरशापुढून न हलणारी, मित्रावर रुसलेली सोळा वर्षांची मुलगी पुस्तकात यायलाच नको!

मी आणली. अजूनही आणते. त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

माझ्या पहिल्या कथासंग्रहात एक गोष्ट होती. एक मुलगी कॉलेज बुडवून वर्गातल्या मुलाबरोबर राजगडावर जाते. वर बसून दोघं डबा खातात, पोटभर बोलतात आणि दिवस मावळायच्या आत घरी येतात.
बस्स. एवढीच गोष्ट.

छापायच्या आधी मी ती आईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवली होती. गवार मोडता मोडता त्यांनी ऐकली.

"ह्यात कोन मरत न्हाई, कोन पास व्हत न्हाई. मग गोष्ट कसली?"

"मुलांना आवडेल, आई."

"आवडंल की. पन आया काय म्हनतील?"

आया काही म्हणाल्या नाहीत. बाप म्हणाले.

पुस्तक शाळेतून घरोघरी गेलं आणि गावाने शोध लावला, की ही मुलगी म्हणजे आमच्या शेजारची. (नाव लिहीत नाही. नाहीतर पुन्हा सुरू व्हायचं.)
पुरावा काय? तर तीही अकरावीला, तीही कापूरहोळवरून एसटीने भोरला कॉलेजला जाते, आणि तीही केस मोकळे सोडते.
आमच्याकडे छापलेलं म्हणजे घडलेलं. त्यात मी शेजारीण. मला आतली बातमी असणारच!

मी सगळ्यांना सांगत फिरले, अहो, कल्पना आहे ती.

"म्हंजी नाव बदललंय," असं म्हणून लोक समजूतदारपणे मान हलवायचे.

पोरीच्या वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं.
इतकी हुशार पोर, घरात कोंडल्यासारखी. रडून रडून डोळे सुजलेले. तिच्यासाठी स्थळं बघायला लागलेत, असंही कानावर आलं.
माझी झोप उडाली. गोष्ट माझी आणि शिक्षा तिला.

एका रविवारी सकाळी तिचे वडील चार माणसं घेऊन मला जाब विचारायला आमच्या अंगणात आले. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऐकतंय कोण? माझे सासरे, दादा, खुर्चीत बसून होते.

आई आतून पदराला हात पुसत आल्या.

"ती पोरगी मी हाय."

त्या पायरी उतरून पुढे आल्या.

"माझं म्हायेर पाली, गडाच्या पायथ्याला. गेल्ते म्या एका पोरासंगं. घरी सांगितलं, सरपनाला चालले. म्याच हिला सांगितलं, हिनं लिवलं. कॉलेज तेवढं हिनं पदरचं घातलंय."

पोरीचे वडील चाचरले. "काकी, तुमी...?"

"का? म्या काय जलमल्यापास्नं म्हातारी हाय व्हय?"

मग सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी सावकाश चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला.

"मला लग्नाआधीच सांगितल्यालं हाय तिनं," ते म्हणाले. "च्या घेनार का?"

दुसऱ्या दिवशी पोरगी एसटीच्या थांब्यावर उभी होती.

आणि गाव आईंच्या मागे लागलं. बायका छेडायच्या, "काकी, कोन वो व्हता त्यो?"

"व्हता एक. तुज्या सासऱ्यापरीस देखना."

पण सगळंच हसण्यावारी गेलं नाही. पालीहून त्यांचा भाऊ तणतणत आला. घराण्याचं नाव घालवलंस म्हणाला. त्या दिवाळीत भाऊबीजेला आला नाही. आईंनी ओवाळायचं ताट तयार करून ठेवलं होतं. संध्याकाळी त्यांनी ते गुपचूप आवरलं. मला फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी.

मी एकदा विचारलं, "आई, खरंच गेला होता?"

"तू लिव. चवकशा करू नगं."

मी तो होकारच धरला. इतकी वर्षं मनातून अभिमान होता, माझी सासू काय भारी होती!

शेजारची पोरगी शिकली. पुण्यात नोकरीला आहे. आज वर्षश्राद्धाला सुट्टी काढून सकाळीच आली, पंगतीला वाढायला उभी राहिली.

जेवणं झाल्यावर मी दादांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात आपण सगळे पालीतून गडावर जाऊ या. आई गेल्या होत्या त्याच वाटेनं."



"ती कवा गेली गडावर?" दादा म्हणाले. "गुरांमागं निम्म्या डोंगरापत्तूर सोडायचे तिला. वर न्हाई. लगीन झाल्यावर म्हनली व्हती, एकडाव मला गडावर न्या. आज नेतो, उंद्या नेतो, करत ऱ्हायलं. मग तिचे गुडघे गेले."

शेजारची पोरगी ताटं गोळा करत होती. ती तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

मीही रडले. न केलेल्या मजेची बोलणी आईंनी मरेपर्यंत खाल्ली, आणि वर हसून खाल्ली.

दादांना विचारलं, "हे लिहू का? आता तरी लोकांना खरं कळू दे."

"लिव की," दादा म्हणाले. "पन गावाला पटायचं न्हाई."

आई, तुमच्या सुनेचा भरल्या मनाने नमस्कार.