शुक्रवारचे मूग

शुक्रवारी मूग शिजलेच पाहिजेत, हा लोइदाच्या घरचा नियम नवरा गेल्यावरही मोडला नाही. शुक्रवार हा मांस न खाण्याचा वार; मासळी चालते. पानाय या फिलिपिनो बेटावरच्या तिच्या गावात त्या दिवशी उभ्या गल्लीला मुगाचा वास सुटायचा. इथे क्वीन्सलंडच्या आत, माऊंट आयझाच्या लाल मातीत, खाणीचं धुराडं समोर दिसणाऱ्या तिच्या स्वयंपाकघरातही तो सुटायचा. लसूण, कांदा, टोमॅटो, मूठभर कोळंबी, वर शिजलेले मूग आणि उतरवताना परसातल्या शेवग्याचा पाला. हात आपोआप चालत. ती कामाला होती त्या मोटेलातल्या खोल्या आवरताना चालत, तसेच. चादर ओढायची, उशी थोपटायची, पुढची खोली. लसूण परतायचा, मूग ओतायचे, पुढचा शुक्रवार.

"लोइदा किती खंबीर आहे नाही?" चर्चच्या पायरीवर बायका म्हणत. खंबीर कसली डोंबलाची! बाईला काही जाणवतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. पण न रडणाऱ्या बाईला खंबीर म्हटलं की लोकांना आपापल्या घरी जायला बरं पडतं.

क्रिस्पिन, तिचा नवरा, खाणीत वेल्डर होता. कामावरून आला की हात धुऊन आधी पातेल्यापाशी यायचा, चमचाभर चाखायचा आणि पातिसची बाटली उपडी करायचा. पातिस म्हणजे मासळीचं खारं पाणी. आमच्याकडे मिठाचं काम तेच करतं. "तू शिजव, चव माझ्याकडे," असं त्याने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं, आणि लोइदाने ते मान्य केलं होतं.

गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी तिघं जेवत होती. तो, ती आणि मुलगी जोनालिन. फोन आला. गावाकडचा कुणीतरी तास-सव्वा तासावरच्या क्लॉनकरी गावाच्या रस्त्यावर गाडी बंद पडून उभा होता. क्रिस्पिन अर्ध्या जेवणातून उठला. आता, जेवणातून कुणी उठून प्रवासाला निघालं, की मागे जेवणाऱ्यांनी आपापलं ताट जागच्या जागी गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. हे का, असं आमच्यात कुणी विचारत नाही. मायलेकींनी ताटं फिरवली. क्रिस्पिन दारातून हसला, "पूर्ण फिरवा गं! अर्धवट फिरवाल आणि मला वाटेत ठेवाल!"

तो वाटेतच राहिला. तिन्हीसांजेला रस्त्यावर गाय उभी होती, आणि तो जोरात होता.

लोइदाने ताट पूर्ण फिरवलं होतं. तिला पक्कं आठवत होतं. ताटाच्या काठावरचं निळं फूल पुन्हा तिच्यासमोर येईपर्यंत. तेच तिला खात होतं. काही चुकलं असतं, तर स्वतःला शिव्या देऊन मोकळी झाली असती. चुकलं काहीच नव्हतं. सगळं रीतसर केलं होतं आणि माणूस गेला होता.

त्यानंतर लोइदा ताट घेऊन बसलीच नाही. मुलीचं ताट टेबलावर वाढायची आणि आपण वाडग्यात घेऊन मोरीच्या ओट्याशी उभ्याने खायची. "बसलं की पाठ धरते," म्हणायची. जोनालिन एकटीच टेबलाशी जेवायची, शेजारी पातिसची बाटली घेऊन. जेवून उठायची, "येते," म्हणायची, आणि तिची गाडी अंगणात बराच वेळ नुसतीच घुरघुरत उभी राहायची. गाडी गरम करत असेल, असं लोइदाला वाटायचं. त्या गावात बोनेटवर अंडं तळून निघतं, तिथे गाडी गरम कशाला करायची, हा प्रश्न तिला पडला नाही. प्रश्न पडणं बंदच झालं होतं.

जोनालिनने नोकरी धरली होती ती नेमकी क्लॉनकरीच्या इस्पितळात, नर्सच्या हाताखाली. जाऊन येऊन तोच रस्ता.

त्या आठवड्यात तिने विषय काढला.

"नानाय, तिथे मला राहायला खोली देतायत. घेऊ?"

"घे." आई पाला निवडत होती.

"मग मी रोज येणार नाही. महिन्यातून एखादा फेरा होईल."

"बरं."

"तातय गेले त्याच रस्त्याने मी रोज जातेय. तुला काहीच वाटत नाही?"

लोइदाने देठ बाजूला टाकला.

"अगं, 'जाऊ नको' तरी म्हण. नाहीतर 'जा बाई, कटकट गेली' म्हण. शिवी दे. काहीतरी बोल ना!"

"काय बोलू, इंदाय?" आमच्याकडे लाडाने मुलींना इंदाय म्हणतात. लोइदाच्या तोंडी शब्द तेवढा राहिला होता, त्यातला लाड गेला होता.

"काही नको बोलूस. शुक्रवारी त्यांना उत्तर द्यायचंय. मी असले काय नि नसले काय, तुला सारखंच, तर मी तरी कशाला रोज जीव मुठीत धरून येऊ?"

पोरगी हातची चालली आहे, हे लोइदाला कळत होतं. ती गेली की पुन्हा यायची नाही, पाहुण्यासारखी येईल, हेही कळत होतं. पण कळत होतं ते शेजारच्या घरची बातमी कळावी तसं. ती आत शब्द शोधायला गेली आणि आत काहीच नव्हतं. ती पाला निवडत राहिली.

शुक्रवारी दुपारी मानांग पासिंग आली. मानांग म्हणजे थोरली बहीण, आणि पासिंग गावातल्या सगळ्याच फिलिपिनो बायकांची थोरली बहीण होती. दोन नवरे पुरून बसलेली, जपमाळेच्या मंडळाची मुख्य, आणि तोंडाने अशी की पाद्रीही तिला पाहून प्रवचन आवरतं घेई. मुगाच्या वासावर आले, म्हणाली. खरं तर जोनालिनने तिला बोलावलं होतं.

लोइदाने दोन ताटं वाढली आणि वाडगा घेऊन ओट्याकडे वळली.

"ए, घोडी आहेस का उभ्याने खायला?"

"पाठ दुखते, मानांग."

"खोल्या झाडताना नाही दुखत ती? माझी तर कंबरेपासून खाली सगळीच दुखते, म्हणून मी काय झाडावर बसून जेवते? बस इथे. आणि ताट घे. वाडग्यात मांजर खातं."

लोइदा बसली. वाद घालायलाही काहीतरी वाटावं लागतं. जोनालिनने उठून आईसाठी ताट आणलं, निळ्या फुलाचं, आणि भातावर मूग वाढले.

मानांगने पहिला घास घेतला. तिच्या भुवया वर गेल्या, तोंड उघडलं. तेवढ्यात जोनालिनने पातिसची बाटली तिच्या पुढ्यात सरकवली आणि डोळे वटारले. "घ्या ना, मानांग. मी पण घेते."

मानांगने बाटलीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि भरपूर ओतून घेतलं. मनातलं न बोलता तिने घास गिळल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं. लोइदाच्या काही ध्यानात आलं नाही. ती चावत होती आणि गिळत होती.

अर्धं जेवण झालं असेल नसेल, जोनालिनचा फोन वाजला. वॉर्डात माणूस कमी पडलं होतं, आत्ताच निघ म्हणाले. तिने घाईने दोन घास कोंबले, ओढणीसारखा टॉवेल मानेवरून काढून खुर्चीवर टाकला आणि किल्ली उचलली. दारात थांबली.

"खोलीचं आजच विचारतील. काय सांगू?"

"तुला बरं वाटेल ते सांग," लोइदा म्हणाली.

जोनालिनने मान हलवली. दार लागलं.

मानांग पासिंगने, बोलता बोलता माशी वारावी तितक्या सवयीने, आपलं ताट धरून गर्रकन फिरवलं. मग लोइदाकडे पाहिलं.

"फिरव."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पोर रस्त्याला लागतेय!"

"तेव्हाही फिरवलं होतं, मानांग." लोइदाचा आवाज सपाट होता. "मी फिरवलं होतं. इंदायने फिरवलं होतं. अर्धवट नाही, पूर्ण. काय झालं?"

ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. सांगून झाल्यावरही तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही.

मानांगने ताटातले मूग भातात कालवले. "माझे दोन गेले," ती म्हणाली. "दोघांच्याही वेळी फिरवलं होतं. दुसऱ्याच्या वेळी तर दोनदा."

"मग आत्ता का फिरवलंत?"

"मग काय करू? हात बांधून बसू?" मानांग एकदम उसळली. "गाडी मला चालवता येत नाही. रस्त्यावरच्या गाई मला हाकता येत नाहीत. पोरगी जाताना बघून मला करता येण्यासारखं एवढंच आहे, ते मी करते! तू काय करतेस?"

बाहेरची घुरघुर ऐकू आली. गाडी अजून अंगणातच होती.

"गाडी गरम करतेय," लोइदा म्हणाली.

"गरम?" मानांगने कपाळाला हात लावला. "या उन्हात?"

लोइदाने मान वळवली. टेबलाला लागूनच खिडकी होती. बाहेर शेवग्याच्या विरळ सावलीत गाडी उभी होती, आणि काचेआड जोनालिन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. फोनवर नव्हती. आरशात बघत नव्हती. ती खिडकीतून आत बघत होती, आईच्या तोंडाकडे नाही, टेबलाकडे. ताटाकडे.

तेव्हा लोइदाला कळलं. नोकरी लागल्यापासून रोज ही अशीच बसत असणार. आत आई पाठमोरी, वाडगा घेऊन उभी. पोरगी वाट बघत असणार, वाडगा तरी फिरवेल म्हणून. आणि मग तशीच, कुणी काही न फिरवता, बापाच्या रस्त्याला लागत असणार.

लोइदाने टेबलाची कड धरली. तिला भीती वाटली. वर्षभर मेलेल्या त्या जागी आधी जागी झाली ती भीतीच; प्रेमाला अजून वेळ होता, किंवा तेच भीतीचं सोंग घेऊन आलं असेल. पोर एकटी आहे, रस्ता लांब आहे, गाईंना कुंपण नाही. हे सगळं आधीही होतं. आज ते तिला दिसलं.

तिने ताट धरलं आणि फिरवलं. भात काठावरून सांडला, चमचा खाली पडला. निळं फूल पलीकडे गेलं, बाजूने आलं, पुन्हा समोर आलं. तिने मान वर केली. जोनालिनने स्टिअरिंगवरचा एक हात उचलला आणि गाडी मागे घेतली.

लोइदा खुर्ची पाडून दाराकडे धावली. "हळू चालव!" ती अनवाणी अंगणात ओरडली. "गाई असतात! ऐकलंस का? पोचलीस की कळव! पाणी घेतलंस का?" लाल धुरळ्यात गाडी फाटकाबाहेर पडली. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघायला लागला. वर्षभरात त्याने तिचा आवाज ऐकला नव्हता.

मग बसून राहणं आलं. मानांग घरी गेली नाही. तिने एका हाताने जपमाळ ओढली आणि दुसऱ्या हाताने लोइदाचा शेवगा निवडला, आणि मध्येमध्ये शेजारणीच्या सुनेची निंदाही केली. लोइदा फोन मांडीवर घेऊन बसली होती. दर दोन मिनिटांनी ती उठून खिडकीशी जाऊन येत होती. फार वाईट वाटत होतं. इतकं वाईट वाटणं ती विसरून गेली होती.

उन्हं धुराड्यामागे कलायच्या आधी फोन थरथरला. मानांगने माळ हातातच थांबवली. "काय म्हणते? वाच की!"

लोइदाने मोठ्याने वाचलं. "पोचले. खोली नको म्हणून सांगितलं. उद्या जेवायला येते. आणि नानाय, रागावू नको, पण स्वयंपाकात मीठ घालत जा. तातय गेल्यापासून तू घालतच नाहीस."

लोइदा उठली. गार झालेल्या पातेल्यात तिने चमचा बुडवला आणि चाखलं. ठार अळणी. तिने लसूण परतला होता, पाला निवडला होता, सगळं रीतसर केलं होतं. फक्त चाखून बाटली उपडी करणारं माणूस त्या पातेल्यापाशी आलं नव्हतं, आणि त्याचं काम आता आपलं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वर्षभर पोरीने ते गुपचूप गिळलं होतं.

"तुम्ही तरी सांगायचं ना, मानांग!" ती म्हणाली, आणि चमचा हातात तसाच धरून ओट्याला टेकून रडायला लागली.

"रड," मानांग म्हणाली, आणि टेबलावरची पातिसची बाटली उचलून तिच्यापुढे ठेवली. "रडून झालं की त्यात हे ओत. अंदाजाने ओतू नकोस. चाखून बघ."