साडूने नापास केलेले फोन

जगात निर्दोष अशी एकही वस्तू अजून बनलेली नाही, आणि बनलीच तर माझ्या साडूच्या हातात पडल्यावर ती निर्दोष राहणार नाही. हे मी रागाने म्हणतोय असं कुणाला वाटेल. रागानेच म्हणतोय. चाकणच्या चौकाजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. हातगाडीवर फोनची कव्हरं विकत मी इथवर आलो. पिंपरी कॅम्पातल्या व्यापाऱ्यांशी घसा बसेपर्यंत भाव करून माल उचलला, आणि या पट्ट्यातल्या कंपन्यांमधली अर्धी पोरं आज माझ्याकडच्या फोनवरून गावाकडे बोलतात. फक्त एका माणसाने माझ्याकडून कधी फोन घेतला नाही. तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याने एकदा, फक्त एकदा, माझ्या काउंटरवरचा फोन उचलून 'हा घेतो' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. सासुरवाडीत मान कशावर मोजतात, हे ज्यांना साडू आहे त्यांना सांगायला नको.

हा माणूस गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मशिनवरून आलेला नग तो उजेडात धरतो, फिरवतो, नखाने खरवडतो, आणि त्याने पिवळा ठिपका दिल्याशिवाय तो नग पुढे सरकत नाही. पास, रिजेक्ट आणि होल्ड, हे त्याचे तीन शेरे. होल्ड म्हणजे माल बाजूला ठेवा, मी विचार करतो. कंपनीच्या गेटाबाहेर पडलं की बाकीचे लोक बूट काढतात, टोपी काढतात. हा क्वालिटी काढत नाही. माझ्या लग्नात, भटजी घाई करत असताना, याने मांडवाच्या खांबाला ओळंबा लावला होता. खांब कलता निघाला. मांडववाल्याने तो पुन्हा रोवेपर्यंत मी मुंडावळ्या बांधून पाटावर ताटकळत बसलो होतो. पुढे कुणी त्यावरून छेडलं की तो शांतपणे म्हणायचा, "पडला का मांडव? न्हाई ना? मग."

त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक फिलर गेज असतो. कागदाहून पातळ अशा पोलादी पात्यांची ती जुडी असते, आणि दोन भागांमधली फट किती, हे त्यातलं पातं सरकवून पाहतात. माझं खरं दुखणं या जुडीपाशी आहे. गावच्या जत्रेला मी सासऱ्यांना एक फोन नेला होता. मधल्या भावातला, पण देखणा. सगळं घर त्याभोवती जमलं, सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, आणि मी जरा सैल होऊन मटणाच्या रश्श्याकडे वळलो, तेवढ्यात या गृहस्थाने जुडी उघडून एक पातं फोनच्या काचेच्या आणि मागच्या झाकणाच्या सांध्यात घातलं. ते आत गेलं. "ह्यात पीठ जाईल," एवढंच तो म्हणाला आणि भाकरी कुस्करायला लागला. सासऱ्यांनी त्याच दिवशी तो फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि वरून रबर लावलं. आजतागायत ते पिशवीतूनच बोलतात. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि पलीकडचा म्हणतो, जावयाने फोन भंगार दिलाय.

गुरुवारी त्याच्या कंपनीला सुट्टी असते, म्हणजे माझ्या दुकानाला ग्रहण. सकाळी येऊन तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचा आणि नवीन आलेला फोन मागायचा. खोक्यावर काय छापलंय ते कधी वाचायचा नाही. आधी फोन काचेवर उताणा ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबायचा. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असल्यामुळे फोन डुलायचा. "बैठक न्हाई," असा शेरा पडायचा. मग फोनमध्ये आपल्या बोटाचा ठसा भरून, खिशातल्या बाटलीतून दोन थेंब मशिनचं तेल त्याच बोटाला लावून तो फोनचं कुलूप उघडायला बघायचा. उघडायचं नाही. आमच्या पोरांच्या हाताला तेल असतंच, ह्या फोनला कामगाराचं बोट ओळखू येत न्हाई, असं तो बाजूच्या गिऱ्हाइकाला आपुलकीने समजावून सांगायचा. त्यानंतर फोनमध्ये आपलं सिम घालून थेट हायवेला जायचा, नव्या गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर जिथे हॉर्न मारत वळतात तिथे उभा राहून मला फोन लावायचा आणि विचारायचा, ऐकू येतंय का. मला तो समोर दिसत असायचा, त्याचा आवाज फोनशिवायही येत असायचा, आणि चार गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत असायची.

एकदा त्याने माझाच फोटो काढला. बराच वेळ फोटो आणि मी, मी आणि फोटो, असं पाहत राहिला. म्हणाला, "राव, सावळा माणूस ह्याच्यात गोरापान दिसतोय. हा फोन खोटं बोलतो. रिजेक्ट." शेजारी सीएनसी मशिनवर काम करणारा एक तरणा पोरगा उभा होता, त्याला स्थळासाठी फोटो पाठवायचे होते. त्याने ते ऐकलं आणि म्हणाला, शेठ, हाच द्या. त्या दिवशी मी साडूला चहा पाजला. एरवी पाजत नाही.

आता माझं म्हणणं ऐका, कारण इतकी वर्षं त्याचंच ऐकलं गेलंय. मधल्या भावातल्या फोनमध्ये दोष असतात, हे मला त्याच्याआधी ठाऊक आहे. अंधारात काढलेला फोटो चिखलासारखा येतो. दोन वर्षांनी फोन म्हाताऱ्या बैलासारखा थांबत थांबत चालतो. आत नको ती ॲप्स भरलेली असतात, आणि काही खोक्यांत तर चार्जरही नसतो. आहेत दोष. पण त्याच फोनची बॅटरी लागोपाठ दोन शिफ्ट तग धरते, पडदा एवढा मोठा की भाड्याच्या खोलीतली चार माणसं एका फोनवर कुस्ती बघतात, आणि शॉप फ्लोअरच्या फरशीवर आपटला तरी कव्हर असेल तर उठून बसतो. ज्याचा पगार मधला त्याला फोनही मधलाच परवडतो, आणि त्याने तो मान ताठ ठेवून वापरावा. यात लाजण्यासारखं काय आहे? दोष नसलेली वस्तू विकायला दुकानदार लागतच नाही, ती आपली आपण विकली जाते. वस्तूत दोष आहे म्हणून भाव होतो, आणि भाव होतो म्हणून माझ्यासारख्याचं घर चालतं. गिऱ्हाइकाने दोष काढावा, मी तो झाकावा, त्याने थोडं खाली ओढावं, मी थोडं वर धरावं, हा धंद्याचा धर्म आहे. आणि साडूचा अक्षम्य गुन्हा इथेच आहे. तो दोष काढतो आणि भाव करत नाही! मी स्वतः होऊन कमी करायला निघालो तरी म्हणायचा, किंमत कमी केल्यानं फट कमी व्हतीय का? अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

गेल्या दिवाळीनंतर त्याचे गुरुवार चुकायला लागले. आधी मला बरं वाटलं. मग मेहुणीने माझ्या बायकोला फोनवर सांगितलं ते कळलं. कंपनीने लाइनवर कॅमेरे बसवले होते. नग खालून जातो, कॅमेरा बघतो, हिरवा दिवा लागतो, संपलं. साडूला स्टोअरला टाकलं होतं, रिकाम्या क्रेटांवर लक्ष ठेवायला. पगार तोच, गणवेश तोच. जेवताना आता भाकरीला नावं ठेवत नाही म्हणून मेहुणी रडत होती.

मग एका दुपारी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, तो आला. स्टुलावर बसला नाही. तुमच्या मेहुणीचा फोन बंद पडलाय, एक द्या, म्हणाला. कुठला दाखवू विचारलं, तर म्हणाला कुठलाही. ज्या क्षणाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली तो असा, विनाखटपट, काउंटरवर येऊन उभा राहिला. मी खोकं काढून समोर ठेवलं. त्याने ते उघडलंसुद्धा नाही. पाकीट काढलं.

माझं डोकं फिरलं. मी खोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "साडूभाऊ, आधी तपासा."

"तुमी म्हणताय ना चांगला हाय? मग हाय."

"मी दुकानदार आहे, मी चांगलाच म्हणणार. तुम्ही बघा."

"माझ्या डोळ्याला आता कोन इचारतंय, राव. कॅमेरा बसवलाय तितं."

"तो कंपनीत बसवलाय," मी म्हणालो. "माझ्या दुकानात बसवलेला नाही. न तपासता न्यायचा असेल तर समोरच्या दुकानातून न्या."

माझा आवाज चढला होता. कव्हर बघणारी दोन गिऱ्हाइकं मागे सरकली. साडू माझ्याकडे पाहत राहिला, मी त्याला खरंच हाकलतोय की काय, याचा अंदाज घेत. मग त्याने पाकीट परत ठेवलं, खोकं उघडलं, आणि फोन उजेडाकडे तिरपा धरला. अंगठ्याने बाजूचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"आवाजाचं बटन हलतंय," तो हळूच म्हणाला.

"हलणारच. बटण आहे ते."

"दाबल्यावर हलावं. हे नुसतंच हलतंय."

मी म्हणालो, तुमचं बोट हलतंय. तो म्हणाला, माझं बोट तीस वर्षांत हललं न्हाई. मी दुसरा नग काढला, त्याची काच एका बाजूला उचललेली निघाली, म्हणजे त्याच्या मते. तिसऱ्याचा रंग झाकणाला वेगळा आणि कडेला वेगळा होता. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत भांडलो. एव्हाना तो स्टुलावर बसला होता, त्याचा आवाज माझ्याहून मोठा झाला होता, आणि एका गिऱ्हाइकाने मला न विचारता त्यालाच विचारलं, काका, मग ह्यातला कुठला घेऊ? साडूने त्याला अर्धा तास समजावलं. गिऱ्हाईक काही न घेता गेलं. साडूही काही न घेता गेला. जाताना सगळी खोकी माझ्याकडे सरकवून म्हणाला, हे समदे होल्डवर ठेवा.

त्यानंतर तो शिफ्ट सुटली की रोज येतो. गुरुवारची वाट पाहत नाही. माझा धंदा बुडवतो, माझ्या तोंडावर माझ्या मालाला नावं ठेवतो, आणि मी त्याचा एक शब्द मान्य करत नाही, करणारही नाही. मेहुणी अजून शेजारणीच्या फोनवरून बोलते आणि मला बोल लावते, की स्वतःचं दुकान असून बायकोच्या बहिणीच्या घरी एक फोन देता येत नाही. लावू दे. साडूला पसंत पडेल असा फोन माझ्या दुकानात अजून आलेला नाही. आणि खरं सांगायचं तर, मी तो मागवतही नाही.