ब्रेक सोडा, साहेब

साखळीमामा नात्यानं कुणाचेच मामा नव्हते. खांद्यावर जाड साखळी टाकून ते चालू लागले की माणसं आपोआप बाजूला होत, आणि अशा माणसाला नुसती नावानं हाक मारणं बरं दिसत नाही, म्हणून कुणीतरी मामा म्हटलं असावं. धंदा बंद गाड्या उचलण्याचा. अपघातातल्या, पुरातल्या, जळालेल्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे नुसत्याच राहून गेलेल्या. गाडी नुसती राहून जाते म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना सांगायला नको. आज बघू, उद्या बघू करताकरता टायर बसतात, काचेवरच्या धुळीत पोरं बोटानं चित्रं काढतात, खाली मांजर बाळंत होतं, आणि मग एक दिवस मामांना फोन जातो.

हल्ली मामा काम करताना अवाक्षर काढत नाहीत. मेव्हण्याला खुणा करतात, आणि खूण कळली नाही तर स्वतः जाऊन हात लावतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ते गाडीशी बोलत. म्हणजे गाडीशी नव्हे, गाडी चालवणाऱ्याशी. चालवणारा आत नसे, हा भाग वेगळा.

ही पद्धत त्यांच्या उस्तादांची. उस्तादांनी तरुणपणी रस्त्याकडेची एक बंद गाडी तारेनं ओढून ट्रेलरवर चढवली, दोरखंडांनी करकचून बांधली, आणि निघणार तोच मागच्या सीटवरून एक म्हातारे गृहस्थ उठून बसले आणि त्यांनी विचारलं, "पोचलो का आपण?" मालकाचे वडील होते. मालक फोन शोधायला गेला होता आणि वडील आहेत हे सांगायला विसरला होता. तेव्हापासून उस्तादांनी नियम केला: आत कुणी दिसो न दिसो, चालवणाऱ्याच्या काचेवर बोटानं टकटक करायची आणि माणसाशी बोलावं तसं बोलायचं. साहेब, गाडी घेतोय. साहेब, ब्रेक सोडा. साहेब, जरा धक्का बसेल. मामांनी तो नियम असा उचलला की रिकाम्या सीटला ते जितक्या अदबीनं बोलत तितक्या अदबीनं घरात कधी बोलले नाहीत, असं मामींचं म्हणणं होतं. "मला पण एकदा ट्रेलरवर चढवा," त्या म्हणत, "म्हणजे अहोजाहो तरी होईल."

आमच्या इमारतीच्या आवारात जी गाडी उभी होती ती आमच्या शेजारच्या वहिनींच्या यजमानांची. ते इमारतीचे सेक्रेटरी होते. कुणी कुठे गाडी लावायची, तोंड कुठल्या बाजूला करायचं, चाकं सरळ ठेवायची की नाही, याच्या सूचना जिन्याखालच्या फळ्यावर तेच लावत आणि तेच पाळत. एका सकाळी त्यांनी गाडी आवारात आणून लावली, कुलूप केलं, किल्ल्या खिशात टाकल्या, फाटकाबाहेर पडले, कोपऱ्यावर वळले आणि परत आले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता, ऑफिसात घोटाळा नव्हता. लोकांनी तिन्ही गोष्टींची फार आशेनं चौकशी केली. दुसरी किल्ली होती, पण एखादी हरवू नये म्हणून दोन्ही किल्ल्या एकाच कडीत ठेवण्याइतका हा माणूस व्यवस्थित होता.

पोलिसांनी तेव्हा काच फोडायची गोष्ट काढली. वहिनी गाडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आत काही नाही हे बाहेरूनच दिसत होतं, त्यामुळे पोलिसांनीही ताणलं नाही. मुलगा तेव्हा शाळेत होता. आता त्याची मुलगी शाळेत जाते. एवढा काळ ती गाडी तिथेच. थंडीच्या दिवसांत पहाटे काचांवर वाफ धरे. सगळ्याच गाड्यांच्या काचांवर धरते. या गाडीच्या फक्त चालवणाऱ्याच्या बाजूच्या काचेवर धरे, आणि आतून. रबर गेलं असेल, ओल शिरत असेल, असं सगळे म्हणत, आणि म्हणता म्हणता त्या बाजूनं जायचं टाळत.

मग सांडपाण्याची नळी फुटली आणि ती नेमकी त्या गाडीखाली. खणल्याशिवाय इलाज नव्हता. मुलगा परगावाहून आला. गाडी वहिनींच्या बहिणीच्या रिकाम्या शेडमध्ये नेऊन ठेवायची, असं ठरलं. वहिनींनी मान्य केलं, आणि एक अट घातली.

मामा आणि मेव्हणा दुपारी ट्रेलर घेऊन आले. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, पुढच्या चाकाला पाय लावून पाहिला. पुढची चाकं फाटकाच्या बाजूला पार वळलेली होती आणि स्टिअरिंग तशाच स्थितीत कुलूपबंद. गिअर पडलेला, त्यामुळे पुढची चाकं फिरणार नाहीत. हँडब्रेक ओढलेला, त्यामुळे मागची फिरणार नाहीत.

"घाईत लावलेली दिसते," मामा म्हणाले.

"ह्यांना घाई कधीच नसायची," वहिनी म्हणाल्या.

मामांनी विषय वाढवला नाही. गाडी कशी सोडली आहे यावरून सोडणाऱ्याबद्दल त्यांना पुष्कळ कळे. पण ते बोलून दाखवायचं नाही, हाही उस्तादांचाच नियम.

"सोपं आहे," मुलगा म्हणाला. "मागची छोटी काच फोडा, आत हात घाला, ब्रेक खाली, गिअर मोकळा. अर्ध्या तासाचं काम."

"उघडायची नाही," वहिनी म्हणाल्या. हीच अट होती. "काच फोडायची नाही, दार उघडायचं नाही. आहे तशी न्यायची."

"आई, अगं आत आहे काय? हवा आहे."

"हो. तीच."

मुलगा आईकडे बघत राहिला. तिनं एवढ्या वर्षांत हे कधी बोलून दाखवलं नसावं, आणि आता बोलली ती ट्रेलरवाल्यांसमोर.

"दार लावून गेले, त्यानंतर कुणी उघडलं नाही," वहिनी मामांना म्हणाल्या, जणू मुलगा तिथे नव्हताच. "फोटोत माणूस असतो, कपड्यांत असतो, ते सगळं धुतलं, पुसलं, वाटलं. हे एवढंच तसंच्या तसं आहे. ते गेलं तर मग मी नुसतीच बसलेय. कळतंय ना मामा?"

"उघडत नाही," मामा म्हणाले.

"दाजी," मेव्हणा हळूच म्हणाला, "काच फोडली तर आज घरी जेवू. नाही फोडली तर उद्या."

"तू जेवण्याशिवाय दुसरं काही मोजतोस का रे कधी?"

"तुमची बहीण मला दिली असतीत तर तेही मोजलं असतं. मी माझी बहीण तुम्हाला दिली, तिथेच हिशोब चुकला."

कामाला लागले. बुटक्या चाकांचे दोन लोखंडी पाट मामांकडे होते. जॅक लावून पुढची बाजू उचलली, वळलेल्या चाकांखाली एकेक पाट सरकवला. पाटाला कुठेही फिरता येतं, त्यामुळे चाकं कुठे का तोंड करून असेनात, पुढची बाजू सरळ चालणार होती. मागच्या बाजूसाठी पाट उरले नव्हते. तिथे प्लॅस्टिकच्या गुळगुळीत फळ्या घातल्या आणि बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. मामांनी हातोडीनं मागच्या चाकांवर बराच वेळ ठोकलं, आतला गंज सुटावा म्हणून. आवारात तो आवाज असा घुमला की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या उघडल्या आणि मग एकेक करून लावून घेतल्या.

ट्रेलरवरच्या यंत्राची तार खाली आणून मामांनी पुढच्या आकड्यात अडकवली. मग सवयीप्रमाणे चालवणाऱ्याच्या काचेपाशी गेले. बोटानं टकटक केली.

"साहेब, गाडी घेतोय."

एरवी हे ऐकायला घरचं कुणी जवळ उभं नसे. गाडी नेताना बघायला सहसा लोक थांबत नाहीत. वहिनी हाताच्या अंतरावर होत्या. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही, काचेकडे पाहिलं.

मेव्हण्यानं यंत्र चालू केलं. तार ताठ झाली. पुढची बाजू कुरकुरत निघाली आणि ट्रेलरच्या उतरत्या फळीवर चढली. मागची चाकं न फिरता साबणावरून घसटत आली, फळीच्या तोंडाशी पोचली आणि तिथे अडली. यंत्र कण्हायला लागलं. मेव्हण्यानं थांबवलं, पुन्हा ओढलं, पुन्हा थांबवलं. मामांनी आणखी साबण ओतला, आडवे झोपून हातोडी मारली, कपाळाला ग्रीस लागलं. गाडी अर्धी जमिनीवर, अर्धी हवेत, आणि एक इंच पुढे जायला तयार नाही.

"आता तरी फोडा," मुलगा म्हणाला.

वहिनींचा चेहरा पाहून त्यानं पुन्हा म्हटलं नाही.

मामा उठले. वयानं, उकाड्यानं आणि मेव्हण्याच्या तोंडाकडे बघून असेल, त्यांचा तोल गेला. ते काचेपाशी गेले आणि टकटक न करता टपावर सगळा पंजा आपटला.

"अहो साहेब, बास झालं की आता! किती धरून ठेवाल? सोडा! सोडा म्हणतो ना!"

गाडीखाली फाडकन आवाज झाला. मागची चाकं सुटली. जी गाडी एवढा वेळ दगडासारखी अडली होती ती तारेमागोमाग वर निघाली, इतकी हलकी की मेव्हण्याला यंत्र बंद करायचं भान राहिलं नाही. ट्रेलरच्या पुढच्या कठड्याला लागून ती थांबली आणि किंचित डुलली. आत बसलेला माणूस नीट टेकून बसला की डुलते तशी.

टपावर आपटलेला मामांचा हात तसाच हवेत राहिला होता.

मेव्हणा वाकून खाली गेला आणि बाहेर येऊन जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, "तार तुटली ब्रेकची. गंजलेली होती. ओढ बसली, तुटली." मुलानं ट्रेलरवर चढून काचेला डोळे लावले. "लिव्हर वरच आहे," तो म्हणाला. "आई, ब्रेक वरच आहे. तार तुटलीय. ऐकतेस ना?"

"असू दे वर," वहिनी म्हणाल्या. "सुटली ना?"

मामा खाली मान घालून साखळ्या उलगडत होते. पुढे त्यांनी एवढंच सांगितलं की इतकी वर्षं आपण बोलत आलो ते ऐकणारं कुणी नसतं या भरवशावर. त्या दिवसापासून तो भरवसा राहिला नाही, म्हणून तोंड बंद.

"मामा," वहिनी म्हणाल्या, "उघडा आता."

"वहिनी, आता गरज नाही. चढली."

"चढली ते दिसतंय मला. उघडा."

मामांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं दुसरीकडे पाहिलं. मामांनी पेटीतून पोलादाची पातळ पट्टी काढली, काचेच्या कडेनं दारात सरकवली, चाचपलं, वर ओढली. कुलूप निघालं. दार मात्र निघेना. रबर चिकटलं होतं. मामांनी दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ते सालपट निघाल्यासारखा आवाज करत उघडलं.

वहिनी ट्रेलरवर चढल्या. मेव्हण्यानं हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी दारातून डोकं आत घातलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला. लांब. मग सोडला, आणि पुन्हा घेतला. मुलगा खाली उभा राहून आईच्या टाचांकडे बघत होता.

"उंदीर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उंदरांचा वास येतोय. सीटमध्ये घर केलंय त्यांनी. जुनं आहे." त्यांनी सीटवरचा कापसाचा पुंजका बोटानं जरा हलवला. "म्हणजे येत-जात होते. एवढी वर्षं. कुठून तरी वाट असणारच."

त्या रडल्या नाहीत. दार लावताना ते आपटू नये म्हणून कडेला तळहात धरला, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं, आणि उतरल्या. या वेळी मेव्हण्याचा हात धरून.

"मावशीकडे नको नेऊ," त्या मुलाला म्हणाल्या.

"मग?"

"भंगारात दे. ह्यांना कुणी विचारलं असतं तर तेही हेच म्हणाले असते. जागा अडवायची नाही, अशी सूचनाच होती त्यांची."

गाडी बांधून झाली. मेव्हणा पुढे बसला, मामा चालवायला. वहिनी खिडकीपाशी आल्या. त्यांचा हात काचेवर टकटक करायला वर गेला, पण काच खालीच होती.

"मामा, एक करा. वाटेत कुणी हात केला तर थांबू नका."

"नाही थांबत."

"कुणीही असो."

मामांनी मान हलवली आणि ट्रेलर फाटकाबाहेर पडून कोपऱ्यावर वळला. वहिनी जिना चढून वर गेल्या, आणि संध्याकाळी त्यांच्या घरातला दिवा नेहमीच्या वेळेला लागला.

नळीचं काम संपल्यावर पुढे कधीतरी मामा दुसऱ्या एका गाडीसाठी आमच्या गल्लीत आले होते. काम नेहमीसारखं मुकाट्यानं चाललं होतं. चहाच्या वेळी कुणीतरी सहज विचारलं, त्या दिवशी खरंच कुणी हात केला होता का हो वाटेत? मेव्हणा कपात बघायला लागला. मामांनी चहा संपवला, कप नळाखाली विसळला, कठड्यावर पालथा घातला.

"मी थांबलो नाही," ते म्हणाले.