तिचा विकल्प, माझी सही

उभ्या नोकरीत मी एकदाच कॉपी केली, तीही चुकीच्या पेपराची. नातवंडांना ही गोष्ट अजून सांगितलेली नाही. नाहीतर अभ्यासाला बसवताना माझं ऐकतंय कोण!

वीज मंडळ मोडून त्याच्या कंपन्या झाल्या, तेव्हा मी अंबरनाथ पूर्वेच्या ऑफिसात क्लार्क होते. एक कंपनी वीज बनवणार, एक ती टॉवरवरून वाहून नेणार, एक घरोघर पोचवणार. कुठे जायचं ते विकल्पाच्या अर्जात लिहून द्या, असं फर्मान आलं. माझं घर दहा मिनिटांवर. काउंटरवर दुकानदार "मॅडम, मीटर भागता है!" म्हणून भांडायला यायचे, त्यात माझा दिवस झकास जायचा. मी बिनधास्त 'वितरण' लिहिलं.

पण शेजारच्या टेबलावरची बाई हाताने झाकून लिहीत होती. तिचं सगळंच मला सलायचं. साहेब महत्त्वाची नोट तिच्याकडूनच लिहून घेणार. तिची साडी संध्याकाळीही सकाळसारखी. माझी अकरा वाजताच बोळा. हिला आतली खबर लागलीय, बढतीचीच असणार! ती चहाला उठली तशी मी तिचा पेपरवेट सरकवला. 'पारेषण, बदलापूर उपकेंद्र.' म्हणजे ती टॉवरवाली कंपनी. झालं! माझं खोडलं, तिचं उतरवलं, सही ठोकली आणि तिच्या आधी साहेबांपुढे ठेवून आले. केवढी मी चलाख!

जागा एकच होती. मी तिला चार महिने सीनियर. मलाच मिळाली.

उपकेंद्रात टॉवर, गवत आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. भांडायला माणूस नाही. महिन्याभराने तिथला ऑपरेटर म्हणाला, "तुमच्या ऑफिसातल्या, इथे जवळच सोनिवलीला राहणाऱ्या मॅडम येणार होत्या ना? सासू अंथरुणाला खिळलीय त्यांची. इथून दुपारी जाऊन भरवता आलं असतं. बिचाऱ्या!"

लाज वाटली. पण खरं सांगते, आधी वाटला तो हेवाच. मला कधी कुणी बिचारी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या ऑफिसात जाऊन तिला सगळं कबूल केलं. तिने हातातलं बिल बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "जागा घेतलीस ना? मग सासूही घे. बरोब्बर एकला भरवायचं, मऊ भात लागतो, आणि उशीर झाला तर ती तोंडच उघडत नाही."