टेबलावरच्या गप्पा

नव्वद सालच्या सुमारास धुळ्याच्या एका सर्जननं माझा हर्निया जागेपणी शिवला. तेवढीच जागा बधिर केली आणि वर हुकूम, "भाऊ, बोलत राहा." मला बोलायला सांगणं! मी रावेरच्या केळीवाल्यांच्या अशा नकला केल्या, की सुई थांबवून ते हसले. मग शिवण तपासायला मला खोकायला लावलं.

"पूर्ण भूल का देत नाही हो?" मी विचारलं.

"माझ्या वडिलांना दिली होती. याच ऑपरेशनला. त्याआधी म्हणाले, 'तुले काही सांगनं शे.' मी म्हटलं, आबा, शुद्धीवर आल्यावर सांगा."

"मग?"

"आलेच नाहीत."

"काय सांगायचं असेल?"

त्यांनी टाका ओढला. "टेबलावरच्या प्रत्येकाला बोलतं करतो, भाऊ. पण ते कोणीच सांगत नाही."