गाडीखालचे लाल डाग

मे महिन्यातला गुरुवार. सकाळी साडेआठला कसालच्या अलीकडच्या चढावर आमची गाडी थांबली... म्हणजे इंजिन चालू होतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नुसता आवाज वाढत होता, पण गाडी पुढे जाईना. मग ती हळूहळू मागे यायला लागली. मी हँडब्रेक ओढला.

मागच्या सीटवर बाबा होते. दर सोमवारी आणि गुरुवारी ओरोसला त्यांचं डायलिसिस, वेळ सकाळी नऊची. सात सीटची ही मोठी गाडी आम्ही सहा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून फिरायला म्हणून घेतली होती. गेली दोन वर्षं ती फक्त मसुरे ते ओरोस आणि परत एवढीच फिरत होती.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी गाडीत बसले की कान इंजिनाकडे. तीन आठवडे आधी याच रस्त्यावर मागून म्हणाले होते, "गिअर घसरता रे. लागाक येळ घेता. ऑईल बघलंस?"

मी म्हणालो, "बाबानू, ही ऑटोमॅटिक आसा. हिका गिअर आपोआप पडतत. तुमची यष्टी नाय ही."

"फोंड्याच्या घाटात तीस वर्सा काढलंय मी. तुजी गाडी माज्या यष्टीपेक्षा आधी म्हातारी झाली," एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. पुढच्या सोमवारी पुन्हा एकदा म्हणाले. मी रेडिओ लावला... त्यानंतर ते गाडीबद्दल काही बोलले नाहीत.

खरं तर सर्व्हिसिंगच्या वेळी मला विचारलंही होतं, गिअरबॉक्सचं ऑईल तपासायचं का म्हणून. दोन दिवस गाडी ठेवावी लागली असती आणि मधे गुरुवार येत होता. पुढच्या वेळी बघू, म्हणालो. गिअरबॉक्स सीलबंद असतो, त्यातलं ऑईल जन्मभर पुरतं, असं कुणीतरी गाडी घेताना सांगितलेलं डोक्यात होतंच.

त्या चढावर सावली नव्हती. बाबांचे पाय सुजलेले, श्वास लागलेला. मी फोन करत होतो, ते दार उघडून शांत बसले होते. "मी सांगितलं होतं," असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आंब्याच्या पेट्या उतरवून परत निघालेल्या एका पिकअपवाल्याने शेवटी आम्हाला घेतलं. बाबांना त्याच्या शेजारी बसवलं, मी मागे रिकाम्या पेट्यांत. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्यांच्या जागी दुसरा पेशंट होता... त्यालाही दुपारी कणकवलीला परतायचं होतं. हॉस्पिटलवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. पण बाबांना संध्याकाळीच श्वास घेता येईना, आणि ॲडमिट करावं लागलं. नऊ दिवस होते.

मधे एक दिवस, टो करून मालवणला नेलेली गाडी बघायला गेलो. आग्नेल हा आमचा जुना मेकॅनिक. त्याने गिअरबॉक्सखालचा नट काढला, तर जेमतेम पेलाभर काळं पाणी आलं, करपलेल्या वासाचं. "पाइपातसून गळत होता कधीचा," तो म्हणाला. "ताजा आसताना ह्या लाल आसता, आगळासारख्या. खळ्यात डाग दिसले नाय तुका?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमची गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी असते. मेमध्ये त्याच खळ्यात आई सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घालते. रातांब्याच्या साली त्याच्याच लाल रसात, आगळात, बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या... महिनाभर सगळं खळं लाल ठिपक्यांनी भरलेलं असतं. त्यात गाडीखालचे चार ठिपके कोण बघणार?

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "दिसले मगे. माका वाटला सोलांचा पाणी." दर शनिवारी ती त्यावरून शेणाने सारवून घेत होती. डाग जिरत होते, खळं स्वच्छ दिसत होतं. मग म्हणाली, "म्हंजे मीच पुसून टाकलंय."

मी तिला म्हणालो, तुझा काही दोष नाही. ज्यांना कळत होतं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. तिला ते पटलं की नाही, माहीत नाही.

बाबा घरी आले, पण पहिल्यासारखे सावरले नाहीत. श्रावणात गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, एका दिवसाच्या उशिराने फरक पडला नसेल. ते खरं असेलही... मी पुन्हा विचारलं नाही.

हे लिहायचं कारण एवढंच की घरची गाडी ज्यांच्यासाठी धावते, त्यांच्यापैकी कुणी "आवाज वेगळा येतोय" म्हणालं, तर रेडिओ बंद करा. आणि गाडी हलवली की जरा वाकून खाली बघा.

गाडी आता ठीक आहे. आग्नेलने पाइप बदलला, गिअरबॉक्स उघडून दुरुस्त केला, नवं ऑईल भरलं. रोज रात्री आई गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवते. असं कर म्हणून मी तिला सांगितलेलं नाही. सकाळी चहाच्या आधी ती तो ओढून काढते, उजेडात धरते आणि पडवीतल्या बाबांच्या खुर्चीजवळ उभी राहून म्हणते, "सुको आसा."

सोमवारी आणि गुरुवारी ती हे जरा मोठ्याने म्हणते.