कापसाचा बर्फ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि नवऱ्याला तर मी शेजारणीच्या भानगडीसुद्धा सांगते, त्याला नको असल्या तरी. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. परवापासून जीव थाऱ्यावर नाही, एवढंच खरं.

परवा नातीला घेऊन परळच्या मॉलमध्ये गेले होते. नाताळ म्हणून तिथे बर्फ पाडतात. बर्फ कसला — वरच्या मजल्यावरच्या यंत्रातून साबणाचा फेस सोडतात. जिथे माझा काका साच्यावर उभा राहून घाम गाळायचा, त्या गिरणीच्या जागेवर आता फेस पडतो आणि लोक माना वर करून फोटो काढतात. नात नाचत होती. मध्येच म्हणाली, "आजी, तू लहान होतीस तेव्हा होता का गं बर्फ?" मी म्हटलं, "मुंबईत कुठला बर्फ!" आणि मला तिथे उभंच राहवेना. पोरीला तशीच ओढत बाहेर आणली. ती रडली, घरी सुनेची बोलणी खाल्ली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

कारण बर्फ होता. गिरगावात, आमच्या वाडीत, दर नाताळला. कापसाचा.

वाडीत आमच्यासारखी कोकणातली घरं आणि मुंबईची मूळची ख्रिस्ती घरं, भिंतीला भिंत लागून. दिवाळीत आमच्या फराळाचं ताट तिकडे जायचं, नाताळात त्यांच्या नेवऱ्या आणि केक इकडे यायचा. सिसिलिया आंटीच्या ओसरीवर गोठा मांडायचे — गवताचं छप्पर, मातीच्या मेंढ्या, आणि सगळ्यावर पिंजलेला कापूस. मधली गव्हाण रिकामी. बाळ येशू तिथे मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतरच यायचा.

त्या वर्षी गोठा फिलिप अंकलने केला होता. आंटीचा धाकटा भाऊ. दारूपायी नोकरी गेली, म्हणून बहिणीच्या आसऱ्याला आलेला. गणपतीपासून त्याने बाटलीला हात लावला नव्हता. म्हणूनच आंटीने गोठा त्याच्यावर सोपवला. भावावर विश्वास टाकून दिलेलं ते पहिलं काम. आणि काय केला होता त्याने! गोणपाटाचे डोंगर, आरशाचं तळं. कापूस आम्हा पोरांकडून पिंजून घेतला. शेजारच्या वाडीतली माणसं बघायला येत होती. तो दारात उभा राहून प्रत्येकाला तळं दाखवायचा, आणि आंटी आतून हसायची. ते हसणं मला अजून सोसत नाही.

मी — थांबा, नीट सांगते. मी नऊ वर्षांची होते. आमच्या घरी मखर म्हटलं की समोर दिवा आलाच. इथे देव जन्माला यायचाय, पाळणा तयार आहे, आणि साधी ज्योत नाही? मला बाई ते बघवेना. नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी, बायका आत नेवऱ्या तळत होत्या. फिलिप अंकल पार वाडीच्या तोंडाशी चांदणी टांगत होता. मी आईचं निरांजन फ्रॉकखाली लपवून नेलं, पेटवलं, आणि रिकाम्या गव्हाणीला ओवाळलं. ज्योत कापसाला लागली.

कापूस पेटताना पाहिलाय कधी? आवाज होत नाही. तेव्हाच ओरडले असते तर तांब्याभर पाण्यात भागलं असतं. मी पळाले. निरांजन घेऊन पळाले — तेवढं बरं सुचलं!

गोठा गेला, ओसरीचा पडदा गेला. माणसं जमली; निरांजन घरी ठेवून मीही आईशेजारी येऊन उभी राहिले. फिलिप अंकल धावत आला, तेव्हा त्याच्या बोटांत सिगरेट होती. आंटीने आधी सिगरेटकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मी इथं नव्हतोच गो, शप्पत!" तो म्हणाला. आंटी माझ्याकडे वळली. "बाय, तू बघितलंस काय?"

मला कोणी दरडावलं होतं? नाही. मूग गिळून बसता आलं असतं — तेही वाईटच, पण निदान तेवढंच. मी म्हटलं, "अंकल इथे बसून सिगरेट ओढत होते." लहान होते, कळत नव्हतं, असं म्हणू नका. चांगलं कळत होतं. म्हणून तर आईकडे न बघता बोलले.

नवीन वर्ष लागायच्या आतच तो पुन्हा प्यायला लागला. आंटीने त्याला दुसरीकडे सोय बघ म्हणून सांगितलं. पुढे तो कुठे गेला, त्याचं काय झालं, वाडीत कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पण जाताना तो मला भेटला. जिन्यात, हातात पिशवी. दारूच्या भरात काय काय केलं ते त्याला कधीच आठवत नसे. त्यामुळे शुद्धीत असतानाच्या आठवणीवरचाही त्याचा भरवसा उडाला होता. त्याला माझंच खरं वाटत होतं. तो खाली वाकला आणि म्हणाला, "बाय, तुम्ही पोरांनी एवढा कापूस पिंजला, आणि मी जाळला. तुमचा नाताल घालवला मी. माफ कर हां."

आणि उत्तरासाठी थांबला.

मी म्हटलं, "असू दे, अंकल." मी त्याला माफ केलं.